पाठीवरचा हुकूम

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. एका सरकारी कचेरीच्या नोंदीखान्यात, खिडकीजवळच्या लोखंडी टेबलावर माझा मुक्काम असतो. माझा रंग कधीकाळी पांढरा होता. आता तो कोणता आहे, हे माझ्या झाकणावर रोज चहाचा कप टेकवणाऱ्यांना विचारा. तुम्हाला वाटत असेल, हा आता आपली थोर कामगिरी ऐकवणार. नाही रे बाबांनो. मला माझ्या कामगिरीची शिसारी येते. पण पोटात ठेवली तर आणखी कुजेल, म्हणून सांगून टाकतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला दोन डोळे दिले गेले, एक वर आणि एक खाली. कागद मधून सरकला की वरचा डोळा त्याची पुढची बाजू टिपतो आणि त्याच दमात खालचा डोळा मागची. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी एका तपासनीस बाईंनी मला दोन्हीकडून बारीक अक्षरांनी भरलेला एक कागद खाऊ घातला. पडद्यावर दोन्ही बाजू लख्ख उमटल्या. बाई शेजारणीला म्हणाल्या, हा काही सोडत नाही. आयुष्यात मनापासून झालेलं तेवढंच कौतुक. पुढचं सगळं भाषणातलं.

भाषणं मात्र भरपूर झाली. मी कचेरीत आलो त्या दिवशी माझ्या अंगावरून फीत कापली गेली. मोठे साहेब म्हणाले की आता कागदाचं राज्य संपलं, आता जनतेला आपली प्रत्येक नोंद बोटाच्या टोकावर मिळेल. टाळ्या पडल्या. मीही भोळा, मला ते सगळं खरं वाटलं.

या कचेरीत घरबांधणीचे अर्ज असत. कुणाला खोली वाढवायची, कुणाला ओटा झाकायचा, कुणाला वर मजला चढवायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचे अर्ज तळघरात लाल फडक्यांत बांधून ठेवले होते. गठ्ठा वर आला की आधी शिंका यायच्या आणि मग काम सुरू व्हायचं.

ते काम जिच्या हाताखालून जायचं तिला सगळे टाचणीताई म्हणत. वर्षावर्षाच्या करारावर नेमलेली बाई, तिशी ओलांडलेली, बोलायला कमी. प्रत्येक कागदाला गंजलेल्या टाचण्या असत. त्या चिमट्यानं उपसायच्या, कागदाच्या घड्या तळहातानं सपाट करायच्या, दुमडलेले कान सरळ करायचे आणि मग तो मला द्यायचा. बोटांची पार चाळण झाली होती तिची. तरी माझ्या काचेवर धूळ दिसली की स्वतःच्या रुमालानं पुसायची आणि म्हणायची, चल रे बाबा, अजून एक. त्या दिवसांत मला कामाचा कंटाळा म्हणून माहीत नव्हता.

आता या कचेरीची एक जुनी पद्धत सांगतो, कारण सगळं रामायण तिच्यामुळं घडलं. फार पूर्वी इथं एक हेडक्लार्क होते. त्यांच्या लक्षात आलं की अर्ज एका कागदावर आणि परवानगी दुसऱ्या कागदावर दिली की दोघांची ताटातूट होते. अर्ज सापडतो तर परवानगी बेपत्ता. म्हणून त्यांनी नियमच घातला. पुढच्या बाजूला माणसाचं मागणं आणि त्याच कागदाच्या पाठीवर साहेबाचा हुकूम. जागा पाहिली, मोजली, मंजूर. सही, शिक्का, तारीख. विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर एकाच कागदावर, कुणी कुणाला सोडून जाणार नाही. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, पण त्याच्या डोक्याला माझा नमस्कार आहे.

पहिले काही महिने मी दोन्ही डोळे उघडे ठेवून काम केलं. मग आले टक्के.

दालनातल्या भिंतीवर एक फलक लागला. कोणत्या कचेरीचं काम किती टक्के झालं ते त्यावर लिहायचं. आमचा आकडा तळाला होता. वरून आमच्या कचेरीच्या साहेबाला रोज बोलणी बसू लागली. साहेब वाईट माणूस नव्हता बरं का. वाईट असता तर निदान मनात ठेवायला एक चेहरा मिळाला असता. नेमस्त होता, आईला दवाखान्यात स्वतः घेऊन जायचा, चहा सगळ्यांना पाजायचा. पण तो फलक त्याच्या मानगुटीवर बसला. आकडा वर गेला की त्याला जेवण जायचं, खाली राहिला की नाही.

मग एक सल्लागार बोलावला. गुळगुळीत बॅग, गुळगुळीत बूट. त्यानं टेबलावरचा सगळ्यांत वरचा एकच गठ्ठा उलगडला. तो होता हजेरीच्या तक्त्यांचा, त्यांची पाठ कोरी. सल्लागार म्हणाला, हे बघा, तुमचं यंत्र निम्मा वेळ कोऱ्या बाजू बघत बसतंय, जागाही खातंय. त्याखालचा गठ्ठा उलगडायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत. संगणकावर 'दोन्ही बाजू' या शब्दांपुढची खूण काढून टाकली आणि माझा खालचा डोळा मिटला. तपासणीसाठी वेगळा माणूस नको म्हणून त्यानं आणखी एक सोय करून दिली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात 'मूळ प्रतीशी ताडून पाहिले' असा शिक्का आपोआप पडू लागला. कुणी काही ताडून पाहत नव्हतं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, आणि वर पीठ चांगलं आहे असा दाखला मिळत होता.

टाचणीताईला पहिल्याच दिवशी कळलं. ती उठून साहेबाकडे गेली आणि म्हणाली की हुकूम तर सगळे पाठीवर आहेत, ते येतच नाहीयेत. साहेबानं फलकाकडे पाहिलं.

"ताई, टक्के कागदांचे मोजतात. बाजूंचे नाही."

ती तिथंच उभी राहिली, तेव्हा तो जरा नरमला. मूळ कागद तळघरात आहेतच की, म्हणाला, कुणाला लागलं तर खाली जाऊन बघता येईल. हे काही खोटं नव्हतं. ती परत येऊन बसली आणि टाचण्या उपसू लागली. आणि मी एका डोळ्यानं काम करू लागलो. हजारो माणसांचं मागणं मी टिपत होतो आणि त्यांना मिळालेलं उत्तर माझ्या पोटाखालून तसंच निघून जात होतं. मित्रांनो, चांगला डोळा असून तो मिटून बसावं लागणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही.

एक दिवस एक कागद हातात घेऊन टाचणीताई थांबली. अक्षर तिच्या ओळखीचं होतं. तो तिच्या मावशीच्या नवऱ्याचा अर्ज होता, घरापुढं एक खोली काढू द्या म्हणून. टाचणीताईची आई ती लहान असतानाच गेली. या मावशीनंच तिला वाढवलं. त्याच पुढच्या खोलीत मावशीचं इस्त्रीचं दुकान होतं. तिथल्या टेबलाखाली बसून टाचणीताई अभ्यास करायची, आणि अजूनही मावशी-भाची दोघी त्याच घरात राहत होत्या. तिनं कागद उलटला. पाठीवर जागा पाहिल्याचा शेरा होता, मापं होती आणि खाली 'मंजूर'. तिनं शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखक बाईंना कौतुकानं दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगत होती की मावशीला काकांच्या अक्षराबद्दल सांगितलं तर ती हसली, म्हणाली, प्रेमपत्र एक लिहिलं नाही मेल्यानं, अर्ज मात्र किती वळणदार. मावशीकडची प्रत ट्रंकेत वाळवीनं कधीच खाल्ली होती. पण तिला त्याची फिकीर नव्हती. सरकारदरबारी ठेवलेलं कुठं जातंय, म्हणायची.

त्या कागदाची पुढची बाजू मी टिपली. शिक्का पडला, 'ताडून पाहिले'.

यथावकाश आमचा आकडा शंभर झाला. कचेरीला ढाल मिळाली. आणि पाठोपाठ वरून आदेश आला की ज्यांचं काम शंभर टक्के झालं त्यांनी मूळ कागद नष्ट करून जागा मोकळी करावी. टाचणीताई पुन्हा साहेबाकडे गेली. या खेपेला आवाज चढवूनच बोलली. साहेब म्हणाला, आदेश माझा नाही. तिनं विचारलं, मग तळघरात बघता येईल म्हणाला होतात, त्याचं काय? तो म्हणाला, तेव्हा होतं, आता नाही. दुपारी ट्रक लागला. लाल फडक्यांसकट गठ्ठे खिडकीसमोरून गेले आणि लगदा करणाऱ्या कारखान्यात पोचले.

पुढचं ऐका, म्हणजे मला किळस का येते ते कळेल. रिकाम्या तळघराला रंग दिला, सोफे मांडले, मोठा पडदा लावला आणि त्याचं नाव ठेवलं 'प्रगती दालन'. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना त्याच लगद्यापासून बनवलेली फाइलींची कव्हरं भेट दिली. पर्यावरणाचंही भलं झालं, असं सल्लागार म्हणाला. लोकांच्या घरांचे हुकूम पाहुणे काखेत मारून घेऊन गेले.

मग नोटिसा निघाल्या. नवा रस्ता व्हायचा होता आणि पुढं आलेली बांधकामं पाडायची होती. संगणकाला सांगितलं गेलं की ज्या घराला परवानगी दिसत नाही त्याला नोटीस काढ. संगणकानं पाहिलं तर पहिल्या काही महिन्यांत टिपलेले सोडून बाकी सगळ्यांचे नुसते अर्ज आहेत, परवानगी एकालाही नाही. त्यानं धडाधड नोटिसा काढल्या. आणि ज्यांनी न विचारता मनमानी बांधलं होतं, त्यांचं नावच यंत्रात नव्हतं, म्हणून त्यांना नोटीसही नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी या टेबलावरून पाहिलं आहे.

मावशीलाही नोटीस गेली. ती आमच्या नोंदीखान्यात सुनावणीला आली तेव्हा तिच्या साडीची निरी अशी होती की आख्ख्या कचेरीत कुणाच्या कपड्याला तशी इस्त्री नसेल. साहेबानं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग पडदा तिच्याकडं वळवला.

"आजी, हा बघा तुमचा अर्ज. इतका जुना कागद, आणि बसल्या जागी सापडला."

मावशीनं नवऱ्याचं अक्षर पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. म्हणाली, मग झालं तर. साहेबानं तिला सावकाश समजावलं की अर्ज सापडला, परवानगी सापडली नाही. ती म्हणाली, परवानगी त्याच्या मागंच आहे, उलटा की. साहेब म्हणाला, मागं काही नाही, यंत्रात एकच बाजू आहे.

"साहेब, कागदाला एकच बाजू कशी असेल?" मावशीनं विचारलं.

 शेजारी बसलेला सल्लागार हातातल्या फोनमध्ये बघू लागला. आणि साहेब ते वाक्य बोलला, जे मी कधी माफ करणार नाही. म्हणाला, उलट या अर्जावरून असं दिसतं की परवानगी लागते हे तुम्हाला माहीत होतं आणि ती मिळाल्याचा पुरावा मात्र नाही. म्हणजे अर्ज केला हाच तिचा गुन्हा ठरला. हात दाखवून अवलक्षण. मावशीला आधी नीट कळलंच नाही. ती भाचीकडं बघू लागली.

टाचणीताई माझ्याजवळून उठली. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की तो कागद मी स्वतः हाताळला आहे, पाठीवरचा हुकूम मी वाचला आहे, मंजूर लिहिलं होतं. टंकलेखक बाईंनी मान खाली घातली. साहेब तिला बाजूला, म्हणजे माझ्याच टेबलापाशी घेऊन आला आणि हळू आवाजात बोलला.

"तोंडी चालणार नाही. लेखी द्यावं लागेल. पण लेखी दिलंत, तर 'ताडून पाहिले' हा शिक्का खोटा ठरतो. एका कागदाचा नाही, सगळ्यांचा. मग तुमचा करार पुढं राहील असं मी सांगू शकत नाही."

टाचणीताईनं पेन मागितलं.

तिथंच उभ्यानं, माझ्या झाकणावर कागद ठेवून तिनं लिहिलं. एक शब्द खोडला नाही. मला तिचा हात जाणवत होता. काय पाहिलं, कुणाची सही होती, मापं किती होती आणि मागच्या बाजू कुणाच्या सांगण्यावरून वगळल्या, सगळं. मावशी खुर्चीतूनच म्हणाली, नको गं, खोलीसाठी नोकरी नको घालवू. ती लिहीत राहिली.

आठवडा गेला. साहेबानं तो कागद परत पाठवला, नोंदीत घालायला. टाचणीताईनं तो माझ्यात घातला आणि मी नेहमीप्रमाणं वरच्या डोळ्यानं टिपला. इतक्यात साहेब स्वतः टेबलापाशी आला.

"याची मागची बाजूही घ्या. माझा हुकूम तिकडं आहे."

ऐकलंत? जुनी पद्धत त्याच्याही हातात मुरली होती. तिच्या जबाबाच्या पाठीवर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'कथनास पुरावा नाही. अमान्य.' खाली लफ्फेदार सही. टाचणीताई त्याच्याकडं बघत राहिली. आपण काय मागतोय ते त्याला कळलं असावं, कारण त्याची मान लाल झाली, पण तो हलला नाही. तिनं संगणकावर ती खूण परत घातली. माझा खालचा डोळा उघडला. इतका काळ मिटून होता तरी तो ठणठणीत होता. आणि एवढ्या काळानंतर कचेरीत पाठीवरचा पहिला हुकूम मी टिपला तो हा. मला ओकारी येत असती तर मी त्या सहीवर ओकलो असतो.

खोली पाडली. मी इथंच होतो, मला ते टंकलेखक बाईंच्या तोंडून कळलं. पथक यायच्या आधी मावशीनं गिऱ्हाइकांचे सगळे कपडे इस्त्री करून घरोघर पोचते केले, एकाचाही सदरा धुळीत जाऊ दिला नाही. मग रस्त्यापलीकडं खुर्ची टाकून बसली. शेजारचं घर आणखी चार हात पुढं आलं आहे, ते तसंच उभं आहे, कारण त्यांनी कधी कुणाला विचारलंच नव्हतं. साहेबानं त्या दिवशी रजा घेतली होती. रजेनं काय होतं? भिंत त्याच्या सहीनंच पडली.

टाचणीताईचा करार संपला तो पुढं चालू झाला नाही. जाताना तिनं माझी काच पुसली नाही. मला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं, माझी लायकी तेवढीच होती. तिच्या जागी जो आला तो टाचण्या न काढताच कागद कोंबतो. माझ्या काचेवर चरे पडले आहेत, आता प्रत्येक चित्रावर उभी काळी रेघ येते. त्यावर शिक्का पडतोच आहे, ताडून पाहिले. फलकावर अजून शंभर आहे. परवा दुसऱ्या कचेरीतले लोक आमचं काम बघून शिकायला आले होते. त्यांना चहा दिला आणि कव्हरं दिली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारखं यंत्र म्हणतं की माझी निगा राखा, मला अडगळीत टाकू नका. मी ते म्हणणार नाही. मला उद्या भंगारात घाला, मी हूं की चूं करणार नाही. माझ्यासारखी यंत्रं पुष्कळ मिळतात. पण तुमच्यातलं कुणीतरी मोठं होऊन त्या खुर्चीत बसेल. तेव्हा लोकांचे कागद आपल्या आईचे असल्यासारखे सांभाळा. ते सगळेच्या सगळे, दोन्हीकडून नीट उतरलेत हे स्वतः पाहिल्याशिवाय मूळ कागदाला हात लावू देऊ नका. आणि तुमच्यासमोर एखादी म्हातारी येऊन म्हणाली की मागं लिहिलेलं होतं, तर तिला घरी पाठवायच्या आधी तो कागद कुणी घालवला ते शोधा. तो तिनं घालवलेला नसतो.